जुना ट्यूब अँप घेताना आणि दुरुस्त करताना

गिटारचा जुना ट्यूब अँप, म्हणजे काचेच्या ट्यूबवर चालणारा अँप्लिफायर, बघायला गेलात की विकणारा आधी म्हणतो, "लावून बघा की!" तेवढं मात्र करू नका. पाच-दहा वर्षं अडगळीत पडलेला अँप थेट प्लगला लावला, तर त्यातली सगळ्यात महागडी वस्तू, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, पहिल्या काही मिनिटांतच जळू शकते. ट्यूब, कंडेन्सर (वीज साठवणारा भाग), पॉट (आवाज-टोनची फिरवायची बटणं), सॉकेट हे झिजणारं सामान, ते बदलता येतं. पैसे मोजायचे ते ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर बघून.

मल्टिमीटर, टॉर्च आणि स्क्रूड्रायव्हर सोबत ठेवा. मागची फळी काढून आधी वास घ्या. जळक्या वार्निशचा वास येत असेल किंवा ट्रान्सफॉर्मरमधून मेण-डांबर ओघळून सुकलं असेल, तर रिवाइंडिंगचा, म्हणजे तार नव्याने गुंडाळण्याचा, खर्च किमतीतून वजा करा. बेळगावात मोटार रिवाइंडिंग करणारे कारागीर आहेत, पण स्पीकरला जोडलेल्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरची गुंडाळी मोटारीसारखी नसते. मेन्सची वीज घेणारा पॉवर ट्रान्सफॉर्मर त्यांच्याकडे द्या. आउटपुटचा जळला असेल तर शक्यतो तो अँपच सोडा.

स्पीकरची वायर सोडवून ओहम मोजा. 8 ओहमचा स्पीकर मीटरवर 6 ते 7 दाखवतो. कोन दोन्ही अंगठ्यांनी सारखा दाबा, खरखर जाणवली तर कॉइल घासते आहे. खानापूर-जांबोटीकडच्या पावसात कोनवर बुरशी धरते. ती पुसून जाते, पण मऊ पडलेला कागद पुन्हा ताठ होत नाही. चोर्ला घाट चढून गोव्याहून आलेला अँप असेल तर खाऱ्या हवेने सॉकेट गंजलेत का ते बघा. ट्यूबच्या काचेला आतून चंदेरी डाग असतो. तो दुधासारखा पांढरा झाला असेल तर आत हवा शिरली आहे, ती ट्यूब गेली.

मागच्या पट्टीवर 120 व्होल्ट लिहिलंय का, हेही तिथंच वाचा. असेल तर व्होल्टेज कमी करणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. 50 वॅटच्या अँपला 300 व्हीए (व्होल्ट-अँपिअर) क्षमतेचा घ्या आणि त्यातून अर्थिंग पुढे जातं का हे मीटरने तपासा. फक्त 60 हर्ट्झसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर आपल्या 50 हर्ट्झवर जास्त तापतो. पट्टीवर 50/60 लिहिलेलं असेल तर काळजी नाही.

घरी आणल्यावर दोन दिवस कोरड्या खोलीत उघडा ठेवा. नंतरचं पहिलं काम कंडेन्सरचा चार्ज उतरवण्याचं. प्लग काढलेल्या अँपमध्येसुद्धा 400 व्होल्ट साठलेले राहू शकतात आणि तेवढ्याने माणूस दगावतो. 10 किलोओहम, 10 वॅटच्या रेझिस्टरला दोन क्लिपा लावा. एक क्लिप चॅसिसला (अँपच्या धातूच्या सांगाड्याला), दुसरी मोठ्या कंडेन्सरच्या प्लसला, दहा सेकंद. प्रत्येक कंडेन्सरचं असं करा, मग मीटर लावून 5 व्होल्टच्या खाली आल्याची खात्री करा. काम करताना एक हात खिशात ठेवा. अँप पुन्हा चालू-बंद केला की हे सगळं पुन्हा करायचं.

जुनी दोन पिनांची वायर असेल तर तीन पिनांची बसवा. अर्थची वायर चॅसिसला वेगळ्या बोल्टने आवळा आणि इतर दोघींपेक्षा थोडी लांब ठेवा, म्हणजे ओढ बसली तर ती शेवटी तुटेल. फेज आधी फ्यूजला, तिथून स्विचला. मेन्सच्या वायरीतून चॅसिसला जोडलेला छोटा कंडेन्सर दिसला तर कापून टाका. तो शॉर्ट झाला की गिटारच्या तारांवर 230 व्होल्ट येतात.

आता सिरीज बोर्ड, म्हणजे ज्यात अँपच्या फेजच्या वाटेत एक बल्ब जोडलेला असतो तो. अँप त्यातूनच लावा. बल्ब 60 किंवा 100 वॅटचा, तारेचाच हवा. एलईडीने हे काम होत नाही. सगळ्या ट्यूब काढून चालू करा. बल्ब क्षणभर पेटून मंदावला की ट्रान्सफॉर्मर ठीक. झगझगीत पेटत राहिला तर लगेच बंद करा, कुठेतरी शॉर्ट आहे.

फिल्टर कंडेन्सर (वर चार्ज उतरवला तेच मोठे) वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे असतील तर फुगले नसले तरी बदला. घुंऽऽ असा आवाज बहुतेक वेळा त्यांचाच असतो. मूळचेच मायक्रोफॅरड, व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त, 105 अंशांचे घ्या. प्लस-मायनस दोनदा तपासा, उलटा लागलेला कंडेन्सर फुटतो. पॉवर ट्यूबच्या (स्पीकरला ताकद देणाऱ्या मोठ्या ट्यूबच्या) ग्रिडकडे, म्हणजे सिग्नल घेणाऱ्या पिनकडे, जाणाऱ्या कपलिंग कंडेन्सरचं ग्रिडकडचं टोक सोडवा आणि अँप चालू करून त्या टोकाला चॅसिसच्या मानाने डीसी मोजा. शून्याजवळ स्थिरावायला हवं. एखादा व्होल्ट जरी राहिला तरी तो गळतो आहे. त्या गळतीनेच ट्यूबची प्लेट (आतला धातूचा पत्रा) लाल होते, आणि लोक उगाच ट्यूब बदलत बसतात.

शेवटी ट्यूब लावा. स्पीकर जोडल्याशिवाय अँप कधीही चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. बायस (सिग्नल नसताना पॉवर ट्यूबमधून वाहणारा प्रवाह) लावता येणारा अँप असेल तर प्रत्येक पॉवर ट्यूबच्या कॅथोडच्या पिनपासून चॅसिसपर्यंत 1 ओहमचा रेझिस्टर लावा. त्यावर जितके मिलिव्होल्ट तितके मिलिअँपिअर. ईएल34 या पॉवर ट्यूबची मर्यादा 25 वॅट, त्याच्या 70 टक्के म्हणजे 17.5 वॅट. प्लेटला 420 व्होल्ट असतील तर 17.5 ला 420 ने भागून सुमारे 42 मिलिअँपिअर. 6एल6जीसी या दुसऱ्या पॉवर ट्यूबला 30 वॅट धरा, म्हणजे तेवढ्याच व्होल्टला 50 मिलिअँपिअर. हे माप सिरीज बोर्डाचा बल्ब काढून, थेट मेन्सवर घ्यायचं. काचेवर निळसर उजेड दिसला तर घाबरू नका, लाल प्लेट दिसली तर बंद करा.

वाजताना टिंग-टिंग येत असेल तर पेन्सिलने 12एएक्स7 या छोट्या ट्यूबांवर हलकेच टकटक करा. जी ट्यूब जास्त वाजते ती बदला. पॉट खरखरत असेल तर अँप बंद करून, चार्ज उतरवून, काँटॅक्ट क्लीनर मारा आणि वीस-पंचवीस वेळा फिरवा.