जर्मनीतल्या पालिकेत डेटा संरक्षण अधिकारी व्हायचं असेल तर

पुण्याहून एलएलबी करून आलेली मुलं मला विचारतात, "ताई, तुमच्यासारखी नोकरी कशी मिळते?" मी हेसन राज्यातल्या एका नगरपालिकेत डेटा संरक्षण अधिकारी आहे. आधी जर्मन सी-वनपर्यंत, म्हणजे भाषेच्या प्रगत पातळीपर्यंत न्या. कचेरीतल्या पत्रांची भाषा क्लासमधल्यापेक्षा फार रूक्ष असते.

भारतीय एलएलबीवर इथे न्यायाधीश होता येत नाही. त्याला दोन राज्य परीक्षा आणि मधली दोन वर्षांची प्रत्यक्ष कामाची उमेदवारी लागते. आमच्या पदाला मात्र जीडीपीआरचं, म्हणजे युरोपीय संघाच्या डेटा संरक्षण कायद्याचं, कलम 37 डेटा कायद्याचं जाणकार ज्ञान मागतं, ठरावीक पदवी नाही. आयटीतून आलेलेही बरेच भेटतात. भारतीय पासपोर्टवर 'बेआम्टे' म्हणजे कायम शासकीय अधिकारी होणं सहसा जमत नाही, पण करारावर नोकरी मिळते.

रुजू झाल्यावर आधी कलम 30 ची नोंदवही बघा: कोणतं खातं कोणाची कोणती माहिती, कशासाठी, किती काळ ठेवतं. ती टेबलाशी बसून तपासू नका. खात्याखात्यात जा, कॉफी प्या, कपाटं उघडायला लावा. सर्व्हरवर नसलेलं सगळं तिथे सापडतं. माहिती फुटली तर आयुक्तालयाला, म्हणजे डेटा संरक्षणावर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या कचेरीला, 72 तासांत कळवायचं असतं. शुक्रवारी दुपारी कळलं तरी घड्याळ थांबत नाही.

खरी कसोटी पुढे आहे. हॅम्बुर्गच्या आयुक्तांनी 2020 मध्ये एच अँड एम या कपड्यांच्या कंपनीला 3 कोटी 53 लाख युरो दंड केला, पण पालिकेला असा दंड सहसा होत नाही. म्हणजे धाक दाखवायला तुमच्या हातात काही नाही. महापौरांच्या लाडक्या पाळत-कॅमेऱ्यांना विरोध करायचा तर तोंडी बोलून सोडू नका. कलम लिहा, आणि त्याच पत्रात चालेल असा दुसरा मार्गही द्या. नुसता 'नाही' इथे कोणी वाचत नाही. कायदा तुमच्या पाठीशी आहे: या कामात तुम्हाला कोणी हुकूम देऊ शकत नाही, काम केलं म्हणून काढूही शकत नाही.

वर, म्हणजे आयुक्तपदापर्यंत, चढायचंच असेल तर ऐका: जगातला पहिला डेटा संरक्षण कायदा 1970 मध्ये हेसननेच केला, आणि 1975 ते 1991 इथले आयुक्त होते अथेन्समध्ये जन्मलेले स्पिरोस सिमिटिस. बॉनमधल्या संघीय आयुक्तांना बुंडेस्टाग, म्हणजे जर्मनीची संसद, निवडते, पाच वर्षांसाठी, वय किमान 35. तोवर मुलाखतीआधी राज्य आयुक्तांचा वार्षिक अहवाल वाचून जा. त्यातली प्रकरणं तिथे विचारतात.