मोठ्यांची अमेरिकन फुटबॉल लीग: पहिल्या किकऑफआधीची तयारी

अमेरिकेत नोकरीधंदा सांभाळून खेळणाऱ्या माणसांची लीग उभी करायची असेल, तर लोगो आणि जर्सीचे रंग सगळ्यात शेवटी ठरवा. आधी ही लीग कोणासाठी आहे ते कागदावर लिहून काढा. कॉलेजच्या संघात जागा न मिळालेला एकोणीस वर्षांचा मुलगा, कॉलेज संपवून आणखी एकदा प्रयत्न करणारा तरुण आणि शनिवारी नुसतं खेळायला मिळावं म्हणून येणारा पस्तिशीचा बाप, असे तिघंही नाव नोंदवायला येतात. खेळाडू घडवणारी लीग म्हणवून घ्यायचं, तर पहिल्या दोघांच्या हातात पुढे दाखवण्याजोगं काहीतरी पडलं पाहिजे आणि तिसरा सोमवारी धडधाकट कामावर गेला पाहिजे.

पहिल्याच बैठकीत खेळाडूंना खरं काय ते सांगा. पुढे महान खेळाडू ठरलेल्या जॉनी युनायटसला १९५५ मध्ये एनएफएल या देशातल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमधल्या पिट्सबर्ग स्टीलर्सनी काढून टाकलं. मग तो ब्लूमफील्ड रॅम्स या अर्धव्यावसायिक संघाकडून सामन्यामागे सहा डॉलर घेऊन खेळला आणि पुढच्या वर्षी बाल्टिमोर कोल्ट्समध्ये गेला. कॉलेजात कधीच न खेळलेल्या एरिक स्वॉनला १९९१ मध्ये एनएफएलच्या वार्षिक खेळाडू-निवडीत थेट पहिल्या फेरीत निवडलं गेलं, तेही असल्याच एका लीगमधून. पण अशी नावं बोटांवर मोजण्याइतकी आहेत. एनएफएलचं आमिष दाखवून कोणाकडूनही एक डॉलर घेऊ नका. ज्याला अजून कॉलेजात खेळायचंय, त्याने नाव नोंदवण्याआधी आपली पात्रता जाईल का हे त्या कॉलेजकडे विचारून घ्यावं.

मोसम कधी ठेवायचा, हे बहुधा मैदानं आणि पंच मिळण्यावर ठरतं. शरद ऋतूत शुक्रवार हायस्कूलचा, शनिवार कॉलेजचा. आपल्या वाट्याला काही उरत नाही. म्हणून वसंत आणि उन्हाळा घ्यावा लागतो, आणि उन्हाळा घेतला की उन्हाची तयारीही आलीच. मिनेसोटा व्हायकिंग्जचा कोरी स्ट्रिंगर २००१ मध्ये सराव शिबिरात उष्माघाताने गेला, आणि तो पूर्णवेळ व्यावसायिक खेळाडू होता. आपले खेळाडू दिवसभर एसीत बसून संध्याकाळी मैदानावर येतात. त्यामुळे कॉलेजांची पद्धत उचला: पहिले दोन दिवस सराव फक्त हेल्मेट घालून, पुढचे तीन दिवस हेल्मेट आणि शोल्डर पॅड घालून, पूर्ण सामान सहाव्या दिवसापासून. मैदानाच्या कडेला माणूस आत बसेल एवढा टब, पाणी आणि भरपूर बर्फ हवाच. उष्माघात झालेल्याला आधी गार करायचं, मग हॉस्पिटलला न्यायचं. हा क्रम प्रत्येक प्रशिक्षकाकडून पाठ करून घ्या.

संघ घेताना आधी अनामत रक्कम घ्या. मी ज्या लीगचं काम पाहिलं तिथे एका शनिवारी पाहुणा संघ तेरा खेळाडू घेऊन उतरला. तिसऱ्या क्वार्टरपर्यंत दोघं लंगडत होते आणि उरलेले अकरा दोन्ही बाजूंनी, आक्रमणातही आणि बचावातही, खेळत होते. दमलेला माणूस डोकं खाली घालून टॅकल करतो, म्हणजे समोरच्याला धडकून पाडतो, आणि मान तिथेच मोडते. किमान किती खेळाडू असल्याशिवाय सामना सुरू होणार नाही तो आकडा नियमात घाला. मी तो पंचवीसच्या खाली येऊ देणार नाही.

हेल्मेट हा खर्च टाळण्याचा विषय नाही. बरेच जण घरच्या गॅरेजमधलं शाळेच्या वेळचं हेल्मेट आणतात. आतली तारीख बघा, नॉक्सी या खेळाच्या सामानाची सुरक्षा-मानकं ठरवणाऱ्या संस्थेचा शिक्का बघा. दुरुस्त करून पुन्हा प्रमाणित करणाऱ्या कंपन्या दहा वर्षं किंवा त्याहून जुनं हेल्मेट घेत नाहीत, तुम्हीही घेऊ नका. मग ते डोक्यावर बसवून बघा. पुढची कड भुवयांच्या वर साधारण दोन बोटं हवी, गालाचे पॅड घट्ट टेकलेले हवेत. तोंडापुढची जाळी धरून हलवलं की हेल्मेटबरोबर कपाळाची कातडी हलली पाहिजे. हेल्मेट एकटंच फिरलं, तर तो खेळाडू त्या दिवशी मैदानात उतरणार नाही.

डोक्याच्या माराबद्दल शाळकरी मुलांसाठी प्रत्येक राज्यात कायदा आहे. पहिला वॉशिंग्टन राज्याने २००९ मध्ये केला. मोठ्या माणसाच्या पाठीशी बहुतेक ठिकाणी असा कायदा नाही, म्हणून लीगनेच नियम लिहायचा. शंका आली की खेळाडू बाहेर. तो परत कधी येणार हे प्रशिक्षक ठरवणार नाही, आणि तो स्वतःही नाही. परतीची प्रत्येक पायरी किमान चोवीस तासांची, म्हणजे पुढच्या शनिवारचा सामना बहुधा गेलाच. प्रत्येक सामन्याला परवानाधारक अ‍ॅथलेटिक ट्रेनर (खेळातल्या दुखापती बघणारा) आणि एईडी, म्हणजे थांबलेल्या हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र, असलंच पाहिजे. २ जानेवारी २०२३ ला सिनसिनाटीत बफेलो बिल्सच्या डमार हॅमलिनचं हृदय टॅकलनंतर थांबलं. तो वाचला, कारण मदत मैदानावरच होती.

विम्याचं काम वकिलाला दाखवून उरका. दायित्वाचा विमा वेगळा आणि खेळाडूच्या उपचारखर्चाचा वेगळा, दोन्ही लागतात.

आता चित्रीकरण. माझ्या मते घडवणारी लीग आणि नुसती लीग यांतला फरक इथेच पडतो. एक कॅमेरा उंचावर, बावीसच्या बावीस खेळाडू दिसतील असा. दुसरा गोलपोस्टच्या मागे. स्नॅपपासून, म्हणजे चेंडू मागे देऊन खेळी सुरू होते तिथपासून, शिट्टीपर्यंत पूर्ण खेळी टिपा. कॉलेजच्या प्रशिक्षकाला संगीत लावलेल्या चार उड्या नको असतात. त्याला लाइनमनची, म्हणजे पुढच्या रांगेत भिडणाऱ्या खेळाडूची, पावलं बघायची असतात, हरलेल्या खेळीतलीसुद्धा. उंची आणि वजन लीगने स्वतः मोजून लिहावं. खोटी दोन इंच पहिल्याच चाचणीत उघडी पडतात.

मैदान हायस्कूलचंच भाड्याने मिळतंय का ते बघा. १२० यार्ड लांबी, ५३ यार्ड एक फूट रुंदी, रेषा, गोलपोस्ट, दिवे असं सगळं तयार असतं. पंच किमान पाच, आणि अंतर मोजायची दहा यार्डांची साखळी धरायला तीन माणसं यजमान संघाची. पंचांचं मानधन सामन्याआधी पाकिटात घालून द्या.

सामन्याच्या सकाळी ट्रेनरच्या पेटीतला बॅटरीवरचा स्क्रूड्रायव्हर चालवून बघा. मानेला मार लागला की हेल्मेट ओढून काढायचं नसतं, जाळीचे स्क्रू सोडवून तोंड मोकळं करायचं असतं, आणि गंजलेला स्क्रू ऐनवेळी फिरत नाही. नंतर अँब्युलन्स कुठल्या फाटकातून आत येणार ते चालत जाऊन बघा. फाटकाला कुलूप असेल तर त्याची किल्ली शाळेच्या रखवालदाराकडून घेऊन ट्रेनरच्या हातात द्या.