गड्ड्याच्या मिरवणुकीला निघण्याआधी: शुगर कमी होणाऱ्यांसाठी तयारी

संक्रांत जवळ आली की आपल्या सोलापुरात घरोघरी कुणी ना कुणी सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेत नंदीध्वजांबरोबर (मिरवणुकीतल्या उंच मानाच्या काठ्यांबरोबर) चालायचं ठरवतंच. पहिल्या दिवशी ६८ लिंगांना तैलाभिषेक, म्हणजे मोठी पायपीट, आणि जेवणाची वेळ हमखास टळते. घरात कुणाला मधुमेहासाठी इन्सुलिन चालू असेल किंवा गोळीत ग्लिमेपिराइड असेल, तर तयारी आठवडाभर आधीच सुरू करा. नुसत्या मेटफॉर्मिनवर शुगर एकदम खाली जायची भीती फार कमी असते.

पहिलं काम डॉक्टरांना भेटायचं. किती चालणार, उपास धरणार का, हे सांगून त्या दिवसाचा डोस विचारून घ्या. मनानं कमी-जास्त करू नका. अनवाणी चालायचा नेम असेल तर पायही दाखवून घ्या. गोळ्यांचं पाकीट सोबत न्या आणि त्यात व्होग्लिबोज किंवा अकार्बोज आहे का ते विचारा. ही औषधं आतड्यात साखरेचं पचनच लांबवतात, त्यामुळे साखर खाऊनही शुगर लवकर चढत नाही. अशांना ग्लुकोज पावडरच हवी. हे फार थोड्या घरांत ठाऊक असतं.

मग पुड्या बांधायला घ्या. प्रत्येकीत १५ ग्रॅम, म्हणजे चहाचे तीन चमचे भरून ग्लुकोज. तीन-चार पुड्या आणि पाण्याची बाटली. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज चालू नसेल तर तेवढी साधी साखरही चालते. पुड्या ज्याच्या त्याच्या अंगावरच हव्यात. बाराबंदीला खिसा नसेल तर कमरेला पाउच लावा. पिशवी नातवाकडे आणि नातू गर्दीत पुढे गेलेला, असं होता कामा नये. घरची शेंगापोळी आणि तिळगूळ बरोबर असू द्या, पण शुगर पडल्यावर आधी ते देऊ नका. शेंगदाण्या-तिळातल्या तेलामुळे त्यांतला गूळ रक्तात सावकाश पोचतो.

ग्लुकोमीटर आणि पट्ट्या घ्या. तपासण्याआधी बोट धुऊन कोरडं करा. तिळगुळाचा चिकटपणा बोटाला राहिला तर शुगर खाली असूनही आकडा वर दाखवतो, आणि हे त्या चार दिवसांत सहज घडतं.

आता सोबतचा माणूस. माझ्या मते सगळी तयारी यावरच उभी आहे, कारण शुगर फार खाली गेली की माणसाला स्वतःचं कळेनासं होतं. थंडीतही दरदरून घाम, हाताला कापरं, छातीत धडधड, अचानक चिडचिड, बोलण्यात विसंगती: यातलं काहीही दिसलं की आधी कडेला बसवायचं. बीपीसाठी बीटा ब्लॉकर चालू असेल तर धडधड जाणवेलच असं नाही, घाम मात्र येतो. ‘मला काही झालेलं नाही,’ असं आपले बाबा म्हणाले तरी तपासायचंच. आकडा ७० च्या खाली असेल तर एक पुडी पाण्यातून द्यायची, १५ मिनिटं थांबायचं, पुन्हा तपासायचं; वर आला नाही तर दुसरी पुडी. मशीन हाताशी नसेल तर तपासणीसाठी खोळंबू नका, पुडी द्या. शुगर वर आली की भाकरी-दही, पोळी, काहीतरी पोटभरीचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालायचा नाही. कुशीवर वळवून १०८ ला फोन.

ग्लिमेपिराइड घेणाऱ्याची शुगर सावरल्यावरही काही तासांनी पुन्हा घसरू शकते. ती फार खाली गेली असेल, तर बरं वाटलं तरी दवाखान्यात न्या.

खिशात एक चिठ्ठीही हवी: नाव, मधुमेह असल्याची नोंद, औषधं, घरचा नंबर.

दिवसभराच्या चालण्याचा परिणाम रात्रीही होतो. झोपण्याआधी एकदा तपासा, उशाशी पुडी ठेवा, आणि दिवसात एकदाही शुगर पडली असेल तर सकाळची गोळी किंवा इंजेक्शन घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा.