छोट्या आदिवासी पक्षाचा इतिहास काढायचाय? आधी कोंबडा शोधा

९ ऑगस्ट जवळ आला की आमच्या ठाण्यातल्या ग्रुपवर कुणीतरी विचारतंच, जागतिक आदिवासी दिनाला दहा मिनिटं बोलायचंय, एखाद्या आदिवासी पक्षाबद्दल माहिती आहे का, आणि मग तेच ते फॉरवर्ड फिरायला लागतात, नेत्याचा फोटो, दोन घोषणा, तारीख मात्र एकही धड नाही. दोन वर्षांपूर्वी मी त्यातलंच एक उचलून बोललो आणि तोंडावर आपटलो, म्हणून हे लिहितोय. उदाहरणाला झारखंड पार्टी घेतो, तिच्यात सगळ्या गोच्या एकदम बघायला मिळतात.

सुरुवात नेत्यापासून करू नका. जयपाल सिंग मुंडा म्हटलं की १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिम्पिकचे हॉकी कॅप्टन, मग संविधान सभा, आणि त्यातच तुमची सहा मिनिटं गेली. पक्षाच्या आधी काय होतं ते बघा. १९३८ ला रांचीत आदिवासी महासभा, पुढच्या वर्षी जयपाल सिंग अध्यक्ष, आणि स्वातंत्र्यानंतर तिचीच झारखंड पार्टी झाली, त्या भागात राहणाऱ्या बिगर-आदिवासींनाही दार उघडून. इथे दोन मिनिटं थांबा राव. नावातला ‘आदिवासी’ गेला आणि मुलखाचं नाव आलं, म्हणजे मागणी समाजाची होती ती आता वेगळ्या राज्याची झाली. पुढचं सगळं राजकारण या एका बदलावर आहे आणि फॉरवर्डमध्ये नेमकं हेच नसतं.

मग आकडे. निवडणूक आयोगाच्या साईटवर १९५१-५२ पासूनचे निकाल पीडीएफमध्ये फुकट पडलेत, फक्त मोबाईलवर उघडू नका, डोळे जातील. बिहार विधानसभा, १९५२: ३३० पैकी ३२ जागा, थेट प्रमुख विरोधी पक्ष! मी इथेच खूश होऊन वही मिटली होती. पण १९५५ चा राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल शेजारी ठेवला की कळतं, आयोग म्हणतो छोटा नागपूर आणि संथाल परगण्यातसुद्धा (म्हणजे आजच्या झारखंडचा भाग, तेव्हा बिहारमध्येच होता) या पक्षाला स्पष्ट बहुमत नाही, आणि वेगळ्या राज्याची मागणी नाकारायला जी कारणं दिली त्यातलं हे एक. तोच ३२ चा आकडा, पाटण्यात भारी आणि मागणीच्या तराजूत हलका. म्हणून जागा नुसत्या मोजू नका, कुठल्या भागातल्या आहेत ते नकाशावर मांडून बघा. १९६२ ला २० वर आले आणि १९६३ ला पक्ष काँग्रेसमध्ये विलीन.

आता माझी फजिती. मी स्टेजवरून ठोकून दिलं की जयपाल सिंगांचा पक्ष पुढे शिबू सोरेन यांनी चालवला. पार चूक. झारखंड मुक्ती मोर्चा हा सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचा वेगळा पक्ष, शिबू सोरेन, बिनोद बिहारी महतो, ए. के. रॉय यांचा. बरं, १९७१ च्या लोकसभेच्या यादीत रांचीजवळच्या खुंटीला परत झारखंड पार्टीच जिंकलेली दिसते, मला वाटलं छपाईची चूक असेल, तर नाही, विलीनीकरण न पटलेल्यांनी ते नाव पुन्हा उभं केलं होतं, एन. ई. होरो यांच्या नेतृत्वात. छोट्या पक्षात हे कायम होतं, नाव एक आणि दुकानं चार. त्यामुळे वहीत प्रत्येक निवडणुकीला एक ओळ द्या: साल, नाव, नेता, चिन्ह.

चिन्ह कशाला, तर ऐका. घणसोलीला आमच्या सोसायटीतला एक वॉचमन खुंटीकडचा. जयपाल सिंग म्हटल्यावर तो म्हणाला, ‘मरांग गोमके!’ म्हणजे मोठा नेता, आणि पार्सलच्या रजिस्टरवर मागच्या बाजूला तुरा, चोच, शेपूट असा कोंबडाच काढून दाखवला. त्याचे आजोबा पक्षाचं नाव घ्यायचेच नाहीत म्हणे, मुर्गा म्हणायचे. झारखंड पार्टीचं चिन्ह कोंबडाच होतं. म्हाताऱ्या माणसांना ‘कुठला पक्ष’ विचारलं की गप्प बसतात, ‘शिक्का कशावर मारायचात’ विचारा, मग धडाधड बोलतात. सालं मात्र त्यांच्याकडून घेऊ नका, ती पीडीएफमधूनच.

हीच वही बाकीच्यांनाही चालते. गोंडवाना गणतंत्र पार्टी, १९९१, हिरासिंह मरकाम, २००३ ला मध्य प्रदेशात ३ आमदार आणि मग फाटाफूट. भारत आदिवासी पार्टी २०२३ ची, चिन्ह हॉकी स्टिक आणि बॉल, हे जयपाल सिंगांना जोडून टाळ्या घ्यायचा मोह मलाही झाला होता, पण पुरावा हातात नव्हता म्हणून भाषणातून काढलं.

आणि एक प्रश्न हमखास येतो, आपल्याकडे असा पक्ष का नाही? उत्तर तयार ठेवा. आपल्याकडे १९४५ चा वारली उठाव किसान सभेच्या लाल बावट्याखाली झाला, नंतर १९७८ ची कष्टकरी संघटना, म्हणजे माणसं कम्युनिस्ट पक्षात नाहीतर संघटनेत गेली, डहाणूत २०१९ आणि २०२४ ला माकपचाच आमदार. फक्त जुने निकाल शोधताना पालघर जिल्हा टाकून बघू नका, तो १ ऑगस्ट २०१४ ला झालाय, त्याआधीचं डहाणू, जव्हार सगळं ठाणे जिल्ह्यातच सापडेल.