मुलांच्या दंतोपचारांसाठी गुंगी देताना या चुका टाळा

लहान मुलाच्या दातांवरील उपचारांसाठी गुंगी द्यायचे ठरले की पालक बहुधा 'औषध कोणते देणार?' असे विचारतात. प्रश्न गैर नाही. मात्र त्याहून महत्त्वाचा प्रश्न विचारायचा राहून जातो, तो म्हणजे दात दुरुस्त होत असताना मुलाच्या श्वासाकडे कोण पाहणार.

'हलकीच गुंगी आहे' या शब्दांवर विसंबणे ही सर्वांत मोठी चूक. हलकी, मध्यम व खोल गुंगी आणि पूर्ण भूल अशा चार पायऱ्या मानल्या जातात, पण शरीरात त्यांच्यामध्ये भिंती नसतात. तोंडावाटे दिलेल्या मिडॅझोलाम या गुंगीच्या औषधाच्या वजनानुसार सारख्याच मात्रेने एक मूल नुसते शांत होते, तर दुसरे ठरवले होते त्याहून खोल गुंगीत जाते. मुलांचा श्वासमार्ग अरुंद असतो, जीभ तोंडाच्या मानाने मोठी असते आणि वजनाच्या प्रमाणात त्यांना प्रौढांच्या सुमारे दुप्पट प्राणवायू लागतो, त्यामुळे श्वास अडला की रक्तातील प्राणवायू झपाट्याने घसरतो. त्यातच दंतवैद्याचे काम नेमके श्वासाच्या वाटेवर, पाणी आणि कापसाच्या बोळ्यांमध्ये चाललेले असते.

म्हणूनच खोल गुंगी देणे, दात दुरुस्त करणे आणि मुलावर लक्ष ठेवणे ही तिन्ही कामे एकाच व्यक्तीवर सोपवणे धोक्याचे आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ आणि बालदंतवैद्यांच्या संघटनांनी 2019 मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, खोल गुंगी किंवा पूर्ण भूल देताना उपचार करणाऱ्या दंतवैद्याखेरीज केवळ मुलावर लक्ष ठेवणारी, श्वासमार्ग सांभाळण्यात प्रशिक्षित अशी स्वतंत्र व्यक्ती हवी. हा खर्च वाचवण्याजोगा नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

बोटाला रक्तातील प्राणवायू मोजणारा पल्स ऑक्सिमीटर लावला म्हणजे काळजी मिटली, हाही गैरसमज आहे. मुलाला जादा प्राणवायू दिला जात असेल, तर श्वास थांबल्यावरही काही काळ त्या यंत्रावरचा आकडा चांगलाच दिसत राहतो. उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड मोजणारा कॅप्नोग्राफ ही गोष्ट आधी दाखवतो. गुंगी देणाऱ्याला हे यंत्र आहे का, आणि मास्क, श्वास देण्याची पिशवी व गुंगीच्या औषधांवरचा उतारा हाताशी आहे का, हे आधीच विचारावे.

उपाशीपोटाचा नियम 'थोडेसे दूध चालेल' म्हणून मोडला जातो. सर्वसाधारणपणे साध्या पाण्यानंतर 2 तास, आईच्या दुधानंतर 4 तास आणि इतर दूध किंवा हलक्या खाण्यानंतर 6 तासांचे अंतर ठेवतात. उलटी होऊन पोटातले फुप्फुसात जाऊ नये, यासाठी हे बंधन असते. पोटात काही गेलेच असेल तर ते लपवू नये, उपचार पुढे ढकलता येतात. घोरणे, मोठे टॉन्सिल, नुकतीच झालेली सर्दी, दमा किंवा चालू औषधे यांची माहितीही न विचारता सांगावी. गुंगीचे औषध घरून देऊन निघणे तर पूर्णपणे टाळावे, कारण वाटेत श्वास मंदावला तर सांभाळायला कोणीच नसते.

हिरडीत टोचलेल्या बधिरतेच्या औषधाचीही मुलाच्या वजनानुसार कमाल मात्रा असते. चारही बाजूंचे दात एकाच बैठकीत उरकण्याच्या घाईत ती ओलांडली जाऊ शकते आणि गुंगीच्या औषधाबरोबर तिचा धोका वाढतो.

उपचार संपले तरी धोका संपत नाही. सुई टोचण्याचा आणि दात ओढण्याचा त्रास थांबला की मूल पुन्हा गाढ गुंगीत जाऊ शकते, म्हणून ते सहज जागे होईपर्यंत घरी नेऊ नये. गाडीत मुलाची मान पुढे झुकून श्वासमार्ग दुमडू शकतो. अशा वेळी चालकाखेरीज आणखी एक मोठी व्यक्ती मुलाशेजारी बसलेली असावी.

मुळात गुंगी लागतेच का, हेही विचारून पाहावे. दातांची काही कीड सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे द्रव औषध लावून थांबवता येते आणि मूल समजूतदार होईपर्यंत वेळ मिळतो. मात्र सूज, ताप किंवा पू असेल तर थांबणेच अधिक घातक ठरते.