सारस मोजायला जाण्याआधी

जूनमध्ये गोंदियाच्या सारस गणनेला यायचं ठरलं असेल तर आठवडाभर आधीच तयारीला लागा, आणि सुरुवात पक्षी ओळखण्यापासून करा. सारसाला बगळ्यांत काढू नका. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ मध्ये शास्त्रीय नाव देताना त्याला बगळ्यांच्या ‘आर्डिया’ गटातच घातलं होतं. पुढे तो ‘ग्रुस’ झाला, आणि जनुकीय अभ्यासानंतर आता ‘अँटिगोनी अँटिगोनी’. जुन्या पुस्तकात ‘ग्रुस अँटिगोनी’ दिसलं तरी पक्षी हाच. हा क्रौंचकुळातला, म्हणजे नात्याने पाणकोंबडीच्या जवळचा. बगळा मान आखडून उडतो, सारस मान लांब ताणून. करकोचाही मान ताणतो, पण तो झाडावर बसतो. सारस झाडावर बसत नाही, त्याच्या मागच्या बोटाला फांदी धरता येत नाही. एवढं पाठ असलं तरी पहाटेच्या अंधुक उजेडात निम्म्या चुका टळतात. माणसाएवढी उंची, राखाडी अंग, पिसं नसलेली लालभडक मान ही झाली मोठ्या पक्ष्याची खूण. पिल्लाचं डोकं मात्र तांबूस पिसांचं असतं, आणि पिल्लांचा रकाना वेगळा भरायचा असतो.

दुसरी तयारी उत्तरांची. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, भेटणारा शेतकरी विचारणारच, ‘काय भाऊ, हा पक्षी संपत चालला का?’ नीट सांगता आलं पाहिजे. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या, धोक्यातल्या जीवांच्या लाल यादीत सारस ‘व्हल्नरेबल’, म्हणजे असुरक्षित आहे. ‘एन्डेंजर्ड’ ही त्याहून गंभीर पायरी, ती त्याला लावू नका. उत्तर प्रदेशचा तो राज्यपक्षी, आणि तिथे २०२१ च्या गणनेत सतरा हजारांहून अधिक सारस नोंदले गेले. आपल्याकडे गोंदियाचा आकडा अलीकडे चाळिशीच्या आत आलाय, आणि गोंदियाबाहेर महाराष्ट्रात सारस दिसलाच तर भंडाऱ्याकडे एखाददुसरा. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्वतःहून दखल घेतली ती याचमुळे. जगाच्या यादीतला शब्द वाचून महाराष्ट्राने निर्धास्त राहू नये, असं मला मनापासून वाटतं. इतक्या थोड्या पक्ष्यांत एक सारस विजेच्या तारेला लागून गेला तरी एक जोडी मोडते.

सामान थोडंच. दुर्बीण, मातकट रंगाचे कपडे, पाण्याची बाटली, प्लॅस्टिकच्या पिशवीत फॉर्म आणि शिसपेन्सिल, कारण जूनची सर कधी येईल सांगता येत नाही आणि पेनाची शाई पसरते. मोबाइलचं घड्याळ बाकीच्या गटांशी जुळवून घ्या. ड्रोन घरीच ठेवा. सारसाचा रेकॉर्ड केलेला आवाजही वाजवायचा नाही.

आदल्या संध्याकाळी बोडी, म्हणजे गावाचं छोटं तळं, आणि वाट पाहून ठेवा, आणि ज्याची बांधी, म्हणजे धानाचं शेत, आहे त्याला भेटून या. ही भेट मी कधीच टाळत नाही. सारस पावसाळ्यात धानाच्या बांधीत, बोडीच्या कडेला गवत-लव्हाळ्याचा ढीग रचून घरटं करतो, साधारण दोन अंडी घालतो आणि महिनाभर उबवतो. तेव्हाच रोवणीची, म्हणजे भातलावणीची, घाई असते, आणि घरट्यापुरता तुकडा सोडायचा तर त्या शेतकऱ्याचं धान जातं. एका काकांनी मला धुऱ्यावर उभं करून असा सोडलेला तुकडा दाखवला होता. आजूबाजूला हिरवीगार रोवणी, मधे खाटेएवढा ओबडधोबड ढीग, आणि त्यावर पाय दुमडून बसलेली मादी. काका हळूच म्हणाले, ‘तिच्याकडे बोट नका दाखवू, उठते ती.’ तेव्हापासून मी हात खालीच ठेवतो.

पहाटे उजाडायच्या आधी जागेवर पोचा. रात्र उथळ पाण्यात उभं राहून काढलेले सारस सूर्य वर आला की चरायला पांगतात. कान उघडे ठेवा, पुष्कळदा आधी हाकच ऐकू येते. जोडी एकत्र ओरडते तेव्हा नराच्या एका हाकेला मादीच्या दोन तोकड्या हाका असतात. दिसला की वेळ, संख्या, पिल्लं आणि उडून गेला ती दिशा लगेच लिहा. दिशा फार महत्त्वाची. नदीपलीकडे मध्य प्रदेशातलं बालाघाट आहे आणि पक्ष्याला राज्याची हद्द माहीत नसते, त्यामुळे तीच जोडी दोन गटांच्या कागदावर चढू शकते. माझ्या पहिल्या गणनेत मी दिशा लिहिली नव्हती, आणि आमची ती नोंद शेवटी बाद करावी लागली.

घरटं किंवा पिल्लू दिसलं तर फोटोसोबत गावाचं नाव कुठेही टाकू नका. दोन दिवसांत गाड्या येऊन उभ्या राहतात. जागा वनविभागाच्या माणसाला सांगा, तेवढं पुरे.

आणि काहीच दिसलं नाही तर रकाना कोरा सोडू नका, शून्य लिहा. कोऱ्या रकान्यावरून तिथे कुणी गेलंच नव्हतं की जाऊन सारस दिसला नाही, हे कळत नाही. तो फॉर्म त्याच दिवशी जमा करा, आणि परतताना बांधीवाल्या काकांना आपला आकडा सांगून जा.