पसंतीक्रमातील पहिला रकाना

आमच्या गावातून अभियांत्रिकीचा अर्ज भरायचा म्हणजे सकाळच्या एस.टी.ने दारव्ह्याला जाऊन नेट कॅफेत आपला नंबर लागण्याची वाट पाहायची. कॅपचा, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेचा, पसंतीक्रम भरताना तिथल्या दादांनी माझे गुण पाहिले आणि सल्ला दिला, "जे भेटनार हाये तेच वरतं टाक पोरी, म्हणजे टेन्शन नाही." घरच्यांनाही मी जवळ राहावे असे वाटत होते. मी जवळचे एक खाजगी महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर लिहिले आणि अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय चौथ्यावर टाकले. पहिल्याच फेरीत पहिला पर्याय मिळाला, त्या दिवशी घरी पेढे आणले गेले, आणि पुढच्या फेऱ्यांची दारे माझ्यासाठी बंद झाली. दुसऱ्या फेरीचा कटऑफ लागला तेव्हा माझ्याहून कमी पर्सेंटाइल असलेल्या मुलीला माझ्याच प्रवर्गातून अमरावतीला, मला हवी असलेली शाखा मिळाल्याचे दिसले. ती यादी मी आजही पूर्ण वाचू शकत नाही.

म्हणून ही एक गोष्ट मी कंटाळा येईपर्यंत सांगणार आहे. जागावाटप गुणवत्ता यादीनुसार होते. तुमचा क्रमांक आला की संगणक तुमचा पहिला पर्याय पाहतो. तिथे तुमच्यासाठी जागा उरली असेल तर ती देतो, नसेल तर दुसरा, मग तिसरा, असा खाली उतरत जातो. अवघड महाविद्यालय वर लिहिल्याने खालच्या महाविद्यालयातील तुमचा हक्क तसूभरही कमी होत नाही, आणि कमी गुणांच्या मुलाने एखादे महाविद्यालय पहिले लिहिले म्हणून ते त्याला तुमच्या आधी मिळत नाही. उलट सोपे महाविद्यालय वर लिहिले की ते मिळते आणि प्रवेश आपोआप गोठतो, म्हणजे पुढच्या फेऱ्यांत भाग घेता येत नाही. 2025 पासून चार फेऱ्या झाल्या असून पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसरीत पहिल्या सहांपैकी कोणताही मिळाला तर तो स्वीकारावाच लागतो. थोडक्यात, वरच्या रकान्यांत जे मिळाल्यावर पुढे काहीच नको वाटेल तेच लिहावे. मिळेल की नाही याची चिंता यादीच्या तळाशी करावी.

महाविद्यालय पारखताना इमारत आणि रस्त्यावरचे फलक पाहून भुलू नये. मागील दोन वर्षांचे कटऑफ शाखानिहाय वाचावेत. त्यातील प्रवर्गाच्या सांकेतिक शब्दाच्या शेवटी 'एच' असेल तर ती जागा गृह विद्यापीठाची, 'ओ' असेल तर बाहेरच्यांची, आणि 'एस' असेल तर राज्यस्तरीय. सुरुवातीचा 'एल' म्हणजे मुलींसाठीची जागा. यवतमाळ, अमरावती, अकोला, बुलढाणा किंवा वाशिम जिल्ह्यातून बारावी झालेल्यांचे गृह विद्यापीठ संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठ असते, परंतु बारावीसाठी लातूर-नांदेडला गेलेल्या आपल्याकडील मुलांचे ते बदलते आणि हे अनेकांना अर्ज भरतानाच कळते. शाखेला एनबीए (राष्ट्रीय मानांकन मंडळ) मानांकन आहे का, हे पाहावे आणि तिसऱ्या वर्षाच्या मुलांना प्रयोगशाळेविषयी विचारावे. "प्लेसमेंट शंभर टक्के" सांगणाऱ्या एजंटाला मात्र चहासुद्धा पाजू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पैशांची धास्ती अनेकांना वरचे पर्याय खोडायला लावते, आणि तिथे मला धीर द्यावासा वाटतो. कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांच्या आत असल्यास शिक्षण शुल्क माफीच्या टीएफडब्ल्यूएस जागांना अर्ज करता येतो. मात्र त्या जागेचा पर्याय क्रमांक वेगळा असतो आणि तो स्वतंत्रपणे भरावा लागतो. आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना याच उत्पन्न मर्यादेत 2024-25 पासून शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत आहे. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला तर ती मिळत नाही, त्यामुळे "कॅपची कटकट कशाला" म्हणणाऱ्या ओळखीच्या माणसापासून दूर राहावे. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज बारावी संपण्याची वाट न पाहता करावा, कारण आजोबांचा शाळेचा दाखला शोधण्यातच एक हंगाम निघून जातो.

कॅफेत जावे लागले तरी हरकत नाही, कारण आमच्याकडे नेटवर्क कसे असते हे मला ठाऊक आहे. फक्त यादी घरून कागदावर लिहून न्यावी, अर्जात मोबाईल क्रमांक कॅफेवाल्याचा न टाकता स्वतःच्या घरचा टाकावा, आणि पसंतीक्रम कन्फर्म केल्यावर त्याची प्रिंट तिथेच उभे राहून ओळीने तपासावी. गेल्या वर्षी माझ्या धाकट्या भावाच्या वेळी मी हे सारे केले. त्याला तिसऱ्या फेरीपर्यंत थांबावे लागले आणि त्या दिवसांत घरात कोणालाच धड जेवण गेले नाही, पण त्याच्या कागदावर पहिल्या रकान्यात अमरावतीच होते.